आपले टपाल कोणाच्या घरी?

पोस्टमनने पत्र हाती दिले की ते आपले झाले, याविषयी आजवर कोणाच्या मनात शंका आली नाही. लिहिणारा दूरचा, वाहून आणणारे खाते सरकारचे. पण पाकीट फोडल्यावर आतला कागद घरचा. तो तारेला टोचून ठेवावा, ट्रंकेत जपावा की चुलीत घालावा, हे ठरविणारे आपणच. विजेच्या टपालाने, म्हणजे ई-मेलने, या जुन्या व्यवहारात एक मोठा फरक घडवून आणला आहे. पत्र आपल्या नावाने येते, आपण ते वाचतो, त्याला उत्तरही धाडतो. परंतु ते ठेवलेले कोठे असते असे विचारले, तर पुष्कळांना नीट सांगता येत नाही. ‘माझ्या मोबाइलमध्ये’ असे एक म्हणतो, तर ‘इंटरनेटवर’ असे दुसरा म्हणतो. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचे हिशेब, परदेशी गेलेल्या मुलाची पत्रे, घरच्या लग्नाची छायाचित्रे, हे सारे आज ई-मेलने येत असल्यामुळे त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते सोप्या रीतीने समजावून द्यावे, हा आमच्या या लेखाचा हेतू होय.

प्रथम ई-मेल कसा चालतो ते पाहू. समजा, बऱ्हाणपूरच्या एका विद्यार्थिनीने पुण्यातील आपल्या मामांना पत्र लिहिले. ‘पाठवा’ या खुणेवर बोट ठेवताच ते तिच्या टपालसेवेच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहून दुसऱ्या संगणकांची कामे करून देणारा संगणक. तो पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढचा भाग वाचून मामांची टपालसेवा कोणती ते शोधतो आणि तिच्या सर्व्हरकडे पत्र सोपवितो. तेथे मामांच्या नावाचा एक कप्पा असतो. पत्र त्यात पडते. पत्त्यात ॲट चिन्ह घालण्याची युक्ती १९७१ साली अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांना सुचली. सर्व्हरांनी परस्परांकडे पत्रे कशी सोपवावीत याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून प्रसिद्ध केले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. हे नियम कोणाही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. ते कोणीही वाचावेत आणि त्यांप्रमाणे आपली टपालसेवा उभारावी, अशी मोकळीक पहिल्यापासून आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

येथवरचा प्रवास सर्वांचा सारखाच. फरक पडतो तो यापुढे. कप्प्यातील पत्र मामांनी वाचावयाचे कसे? याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात मामांच्या संगणकावर ई-मेलचे एक स्वतंत्र सॉफ्टवेअर असते. ते सर्व्हरकडून नवी पत्रे मागून घेते आणि मामांच्याच संगणकाच्या डिस्कवर ठेवते. मग इंटरनेट असो वा नसो, पत्रे केव्हाही वाचता येतात. दुसऱ्या मार्गात ब्राउझरमधून टपालसेवेच्या संकेतस्थळावर जावयाचे, पासवर्ड घालावयाचा आणि पत्र तेथल्या तेथे वाचावयाचे. याला वेबमेल म्हणतात. येथे पत्र घरी येत नाही. आपण त्याच्या दारी जाऊन त्याला पाहून येतो. मोबाइलवरील बहुतेक ई-मेल ॲप याच दुसऱ्या मार्गाचे भाऊबंद आहेत. त्यांत अलीकडची काही पत्रे तात्पुरती साठविलेली असतात. परंतु खरा साठा दूरच्या सर्व्हरवरच राहतो.

आमच्या गावच्या मुलांना हा भेद पाण्याच्या दृष्टांताने चटकन उमगेल. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. जहांगीर बादशहाच्या काळी, १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान यांच्या पुढाकाराने तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भज्ञाने ती योजना आखली. सातपुड्याच्या डोंगरांतून झिरपणारे पाणी शंभराच्या आसपास कुंड्यांत गोळा करून, जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. आता ज्याच्या घरी हौद आहे, तो पाणी आले की भरून ठेवतो. ज्याच्या घरी हौद नाही, तो तहान लागली की नळाकडे जातो. दोन दिवस पाणी आले नाही तरी हौदवाल्याचे अडत नाही; पण हौद घासण्याचे आणि गळती बुजविण्याचे काम त्याच्याच माथी असते. नळावर जाणाऱ्याला घासण्याची दगदग नाही. परंतु सोडणारा सोडील तेव्हाच त्याला पाणी. संगणकावरील ई-मेलचे सॉफ्टवेअर हा घरचा हौद, आणि वेबमेल हा नळ.

हौद भरण्याच्याही दोन रीती आहेत. पहिलीचे नाव पॉप. तिचे नियम प्रथम १९८४ साली प्रसिद्ध झाले. या रीतीत सॉफ्टवेअर कप्प्यातील पत्रे उचलून घरी आणते, आणि वेगळे सांगितले नसेल तर कप्पा रिकामा करते. दुसरी रीत आयमॅप. ती १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी योजिली. हिच्यात मूळ पत्र सर्व्हरवर राहते, घरी त्याची प्रत येते, आणि दोन्ही साठे एकमेकांशी जुळते ठेवले जातात. त्यामुळे ऑफिसात, घरी आणि मोबाइलवर सारखीच पत्रे दिसतात. मात्र एक सावधगिरी हवी. आयमॅपमध्ये एका ठिकाणी पत्र पुसले की ते दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. म्हणून आरशातील प्रतिबिंबाला जसे आपण दुसरा माणूस समजत नाही, तसे आयमॅपच्या प्रतीला जपणुकीची स्वतंत्र प्रत समजू नये.

आता थोडा इतिहास. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करावी लागे आणि तिचा वेळ मोजून पैसे पडत. अशा वेळी जोडणी करून सारी पत्रे एकदम उतरवून घ्यावयाची, जोडणी तोडावयाची, निवांतपणे वाचून उत्तरे लिहून ठेवावयाची, आणि पुन्हा जोडणी करून ती एकगठ्ठा धाडावयाची, हाच शहाणपणाचा मार्ग होता. यासाठी घरच्या सॉफ्टवेअरवाचून गत्यंतर नव्हते. त्यांत ‘युडोरा’ प्रसिद्ध होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली ते रचिले आणि टपालकचेरीत राहणाऱ्या स्त्रीची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या लेखिकेचे नाव त्याला दिले. न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचे ‘पेगासस मेल’ १९९० साली आले. पुढे विंडोजबरोबर येणारे ‘आउटलुक एक्सप्रेस’ आपल्याकडील असंख्य संगणकांवर नांदू लागले.

परंतु ज्याच्या घरी संगणकच नाही, त्याच्या घरी हौद कोठला? ही अडचण वेबमेलने दूर केली. भारतात जन्मलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ ही विनामूल्य सेवा सुरू केली. पुढल्याच वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. मुंबईच्या ‘रेडिफ’ची टपालसेवाही आपल्याकडे घरोघरी माहीत झाली. सायबर कॅफेत अर्धा तास बसून कोणाही मुलाला आपले पत्र वाचता येऊ लागले. त्यानंतर १ एप्रिल २००४ रोजी गुगलने ‘जीमेल’ आणले. त्या वेळी हॉटमेलमध्ये २ मेगाबाइट जागा फुकट मिळे. जीमेलने एकदम १ गिगाबाइट, म्हणजे सुमारे पाचशे पट, देऊ केली. तारीख पाहून कित्येकांना ही थट्टाच वाटली! जागा इतकी मुबलक झाल्यावर पत्रे घरी उतरवून घेण्याची निकड उरली नाही, आणि लोक हळूहळू हौद विसरू लागले.

वेबमेलचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. संगणक बिघडला, चोरीस गेला, पुराच्या पाण्यात बुडाला, तरी पत्रे शाबूत राहतात. गावोगाव फिरणाऱ्यास कोठूनही टपाल पाहता येते. फसवी आणि निरुपयोगी पत्रे निवडून बाजूला काढण्याचे काम मोठ्या टपालसेवा उत्तम करतात. सामान्य कुटुंबाला एवढी व्यवस्था स्वतः ठेवणे जड गेले असते. मग काळजी कसली, असे कोणी विचारील. ती काळजी तीन प्रकारची आहे.

पहिली काळजी ताब्याची. परक्याच्या कोठारातील वस्तू त्याच्या नियमांनी राहते. गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की, दोन वर्षे कोणी उघडून पाहिले नाही असे वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह पुसून टाकण्यात येईल. त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. यात अन्याय आहे असे आमचे म्हणणे नाही. टाकून दिलेली खाती चोरांच्या हाती सहज पडतात, हे त्यामागील कारण रास्तच आहे. परंतु घरातील आजोबा वारले आणि त्यांचे खाते कोणीच उघडले नाही, तर दोन वर्षांनी त्यांची पत्रे कोणाच्याही देखत न जळता नाहीशी होतील. ट्रंकेतील पत्रांना अशी मुदत कधीच नव्हती.

दुसरी काळजी अशी की, हौद बांधणारे गवंडीच कमी होत चालले. युडोराचा विकास तिच्या मालक कंपनीने २००६ साली थांबविला. ‘थंडरबर्ड’ हे मोझिला या संस्थेचे विनामूल्य सॉफ्टवेअर ७ डिसेंबर २००४ रोजी मोठ्या उत्साहात बाहेर पडले होते. पण जुलै २०१२ मध्ये मोझिलाने त्यावरील नवे काम आपल्या अग्रक्रमात राहणार नाही असे सांगितले, आणि २०१५ च्या अखेरीस त्याला आपल्यापासून वेगळे करण्याचा विचार बोलून दाखविला. विंडोजबरोबर मिळणाऱ्या ‘मेल’ या सॉफ्टवेअरचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढून घेतला आणि लोकांना ‘नव्या आउटलुक’कडे वळविले. हे नवे सॉफ्टवेअर दिसते घरच्यासारखे. परंतु त्यात दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले, तर त्या पत्रांची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांवर साठविली जाते. म्हणजे बाहेरून हौद, आणि आतून आणखी एका नळाची जोडणी!

तिसरी काळजी सर्वांत खोल आहे, आणि ती पाटांची आहे. एसएमटीपी, पॉप आणि आयमॅप हे टपालाचे सार्वजनिक पाट होत. ते मोकळे आहेत म्हणूनच एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास पत्र धाडू शकतो, आणि आपण वाटेल ते सॉफ्टवेअर वापरून आपला कप्पा उघडू शकतो. परंतु आयमॅपचा पाट वापरणारे घरगुती हौदच उरले नाहीत, तर तो पाट साफ ठेवण्याची गरज कंपन्यांना का वाटावी? दरवाजाची कुलपे तर त्या बदलतातच. गुगलने ३० मे २०२२ पासून केवळ नाव व पासवर्ड सांगून आत येणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरांना वैयक्तिक खात्यांत प्रवेश बंद केला. सुरक्षिततेसाठी ते योग्य होते. पण नवे कुलूप उघडण्याची तजवीज करणारा कोणी ज्या सॉफ्टवेअरमागे उरला नव्हता, ते पूर्वीच्या रीतीने चालेनासे झाले. कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यांत गाळ आणि क्षार साचू दिले तर चारशे वर्षांचे पाणीही आटते. पाट बांधणे ही एका पिढीची कामगिरी असते. तो वाहता ठेवणे ही प्रत्येक पिढीची.

पत्रे जपली नाहीत म्हणून काय बिघडले, अशीही शंका कोणी काढील. तिचे उत्तर आपल्या इतिहासाने दिलेले आहे. ज्या १६१५ साली कुंडी भंडाऱ्याची योजना झाली, त्याच साली नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला आणि शहाजादा परवेझला भेटला. त्याने रोजनिशी ठेवली आणि आपल्या पत्रांच्या नकला जपल्या. त्या विल्यम फॉस्टर यांनी १८९९ साली संपादून छापल्या. म्हणून त्या वेळचे आपले शहर एका परदेशी पाहुण्याच्या नजरेला कसे दिसले, ते आज आपण वाचू शकतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरील मोडी रुमाल त्यांनी सोडले, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पानिपतपूर्व काळाची पत्रे त्यात आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ज्यांनी ही पत्रे लिहिली, त्यांना आपण इतिहास लिहीत आहोत याची जाणीव बहुधा नसेल. कोणी पैशाची निकड कळविली, कोणी आजाऱ्याची खबर विचारली. ते कागद कोणाच्या तरी घरात राहिले, एवढ्याच कारणाने ते आपल्यापर्यंत पोचले. आजच्या घरांचे कागद दूरदेशीच्या सर्व्हरांवर आहेत. शंभर वर्षांनी येणारा राजवाडे कोणता माळा धुंडाळील?

तथापि घरचे ते सारे सुरक्षित, असा भ्रमही बाळगू नये. डिस्क हे नाशवंत यंत्र आहे. ती एखाद्या सकाळी अचानक बंद पडते, आणि दहा वर्षांची पत्रे क्षणात जातात. पॉपच्या रीतीने कप्पा रिकामा करून सारी पत्रे एकाच संगणकावर ठेवणाऱ्या कित्येकांवर हा प्रसंग ओढवला आहे. ज्या संगणकाला पासवर्ड नाही, त्यातील पत्रे वाटेल तो वाचू शकतो. हौद आहे पण झाकण नाही, अशातली ती गत. म्हणून घर की सेवा असा एकच पक्ष धरून बसण्यापेक्षा नळही ठेवावा आणि हौदही भरावा, हे आमचे मत आहे.

या कामी आशेला जागा आहे. थंडरबर्ड बुडाले नाही. स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले, आणि जानेवारी २०२० मध्ये मोझिला प्रतिष्ठानच्या छत्राखालीच त्याच्यासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. त्याचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्यांतून चालतो. २०२२ साली अशा देणग्या सुमारे ६४ लाख डॉलर जमल्या. जुलै २०२३ मध्ये त्याचे नव्या रूपाचे संस्करण निघाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइड मोबाइलसाठीही ते उपलब्ध झाले. पै पै जमवून लोक विहिरीचा गाळ काढतात, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

विद्यार्थिमित्रांनी आपल्या घरासाठी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे घरात कोणाकोणाची ई-मेल खाती आहेत त्यांची यादी करावी, आणि आजी-आजोबांची खातीही सहा महिन्यांतून एकदा त्यांच्यासमोर बसून उघडावीत. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही पाहावे. नंबर बदलला आणि पासवर्ड विसरला, तर आपल्याच पत्रांच्या दारात परके होऊन उभे राहण्याची पाळी येते. गुगलच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खाते दीर्घकाळ वापरात नसल्यास त्यातील मजकूर आपल्या विश्वासाच्या माणसास मिळावा, असे तेथे आधीच सांगून ठेवता येते. वडीलधाऱ्यांशी हा विषय काढताना संकोच वाटेल. पण घरच्या कागदपत्रांची व्यवस्था लावून ठेवणे ही आपल्याकडे पूर्वापार शहाणपणाचीच गोष्ट मानली गेली आहे.

यानंतर वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, पत्रांची प्रत घरी आणावी. गुगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने सारी पत्रे एमबॉक्स नावाच्या साध्या नमुन्यात उतरवून घेता येतात. हा नमुना म्हणजे एकामागून एक लिहिलेली अक्षरेच असल्यामुळे तो उघडण्यासाठी एका विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. किंवा घरी संगणक असल्यास त्यावर थंडरबर्ड घालून खाते आयमॅपने जोडावे, आणि महत्त्वाच्या पत्रांची नक्कल त्यातील ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यात करावी. हा कप्पा आपल्याच डिस्कवर असल्याने सर्व्हरवरील पत्र पुसले गेले तरी येथील नक्कल राहते. शेवटी या साठ्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी, मावशीकडे वा काकांकडे ठेवावी. एकाच छपराखाली दोन्ही प्रती ठेवल्या, तर एकच आग दोहोंनाही पुरते.

ही सारी खटपट एका रविवारची आहे. बऱ्हाणपूर हे सीमेवरचे शहर आहे. येथल्या कित्येक मराठी घरांचे एक पाऊल निमाडात तर दुसरे खानदेशात असते, आणि आता तिसरे पाऊल परदेशातही पडू लागले आहे. अशा विखुरलेल्या घरांना जोडून ठेवणारा धागा म्हणजे पत्रे. ती कोणत्या मार्गाने यावीत हे काळ ठरवील. ती आपल्यापाशी राहावीत की नाही हे मात्र अजून आपल्या हाती आहे. येत्या सुटीत आमच्या वाचकांपैकी दहा जणांनी जरी आपल्या आईवडिलांची पत्रे घरी उतरवून घेतली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.